मुरवलेलं तेल की इसेन्शियल ऑइल? विक्कन विधींसाठी नेमकं कुठलं

विक्का हा जादूविधी मानणारा आधुनिक निसर्गपूजक पंथ. विक्कन विधींच्या कृती वाचताना एका ठिकाणी ‘रोझमेरी तेलाचे सात थेंब’ असं दिलेलं असतं, तर पुढच्याच कृतीत ‘रोझमेरीचं तेल हातावर घेऊन मेणबत्तीला चोळा’. पहिलं इसेन्शियल ऑइल, दुसरं बहुतेकदा घरी मुरवलेलं. लिहिणारे दोन्हींना नुसतं ‘तेल’ म्हणून मोकळे होतात. एकाच्या जागी दुसरं घेतलं तर कधी वासच येत नाही, आणि कधी त्वचा भाजते. माप थेंबांत दिलंय की चमच्या-वाटीत, हे आधी बघा. बरंचसं कोडं तिथेच सुटतं.

मुरवलेलं तेल म्हणजे ऑलिव्ह, सूर्यफूल किंवा जोजोबासारख्या तेलात वाळलेली पानं-फुलं काही आठवडे ठेवून गाळलेलं तेल. तेलात जे विरघळतं ते त्यात उतरतं: रंग, राळ, थोडा गंध. इसेन्शियल ऑइल हे त्या अर्थाने तेलच नाही. वनस्पतीतला उडून जाणारा गंधभाग वाफेने वेगळा करतात (लिंबू-संत्र्याच्या बाबतीत साल दाबून काढतात), तो हा अर्क. गुलाबाचं एक किलो तेल काढायला ३ ते ५ टन पाकळ्या लागतात, त्यामुळे हे काम घरच्या ओट्यावरचं नव्हे. कोऱ्या कागदावर दोन्हींचा एकेक थेंब टाकून बघा. मुरवलेल्याचा तेलकट डाग तसाच राहतो, इसेन्शियल ऑइलचा बहुतेक सगळा उडून जातो.

म्हणून प्रश्न नुसता कडक-सौम्य असा नाही. दोन्हींत वनस्पतीचा वेगवेगळा भाग येतो. सेंट जॉन्स वर्ट हे त्याचं सगळ्यात सुंदर उदाहरण. युरोपात ही पिवळी फुलं २१ जूनच्या आसपास, म्हणजे विक्कन वर्षचक्रातल्या लिथा या सूर्याच्या सणाच्या सुमारास फुलतात. कळी बोटांत चुरडली की बोटं जांभळट लाल होतात, आणि हीच फुलं ऑलिव्ह तेलात घालून उन्हात ठेवली की तेल माणकासारखं लाल होतं. सूर्याच्या सणाचं तेल म्हणून लोक ते जपून ठेवतात. याच वनस्पतीच्या इसेन्शियल ऑइलमध्ये तो लाल रंग नसतो, कारण रंगद्रव्य वाफेबरोबर वर येत नाही. (लाल मुरवलेलं तेल लावून उन्हात मात्र जाऊ नका.) लव्हेंडरचं उलट. मुरवलेल्या तेलात त्याचा वास अगदी मंद येतो, आणि खोलीभर दरवळ हवा असेल तर इसेन्शियल ऑइलला पर्याय नाही.

अदलाबदल किती महागात पडू शकते, ते अब्रामेलिन तेलावरून कळतं. हे विक्काच्या आधीच्या विधीजादूच्या परंपरेतलं, पण आज अनेक विक्कनही ते करतात. १९व्या शतकाच्या अखेरीस मॅथर्स या इंग्रज गूढविद्या-अभ्यासकाने अब्रामेलिनच्या जादूग्रंथाच्या फ्रेंच हस्तलिखिताचं इंग्रजी भाषांतर केलं. त्यात हिराबोळ, दालचिनी आणि कोळिंजन हे जिन्नस ऑलिव्ह तेलाबरोबर येतात. पुढे ॲलिस्टर क्राउली या इंग्रज गूढविद्या-लेखकाने त्याच जिनसांची इसेन्शियल ऑइल्स घेतली: दालचिनीचे ८ भाग, बोळाचे ४, कोळिंजनाचे २ आणि ऑलिव्ह तेलाचे ७. म्हणजे मिश्रणात सुमारे ३८ टक्के दालचिनीचं तेल. दालचिनीच्या सालीच्या तेलाची त्वचेवरची सुरक्षित मर्यादा ०.१ टक्क्याच्याही खाली धरली जाते. हे तेल कपाळावर लावलं तर आग होणारच. गार्डनेरियन या विक्काच्या शाखेतल्या दीक्षाविधीत दीक्षा घेणाऱ्याच्या अंगाला तेल लावतात, तेव्हा ही गोष्ट कागदापुरती राहत नाही. माझं ठाम मत आहे की अंगाला लावायचं तेल मुरवलेलंच असावं.

पण मुरवलेल्या तेलालाही एक धोका आहे, तो पाण्याचा. ओली पानं किंवा ताजा लसूण तेलात बुडवून ठेवला की आत हवा नसते आणि ओलावा असतो. बोटुलिझमचे जीवाणू नेमके तिथे वाढतात, आणि त्यांचं विष वासावरून किंवा चवीवरून ओळखू येत नाही. संरक्षणाच्या विधीतल्या तेलात लसूण घालायला सांगतात, तो पूर्ण वाळवलेलाच घाला, आणि विधीचं कुठलंही तेल पोटात घेऊ नका. आपल्याकडे माक्याचं तेल ओल्या रसाचं करतात आणि ते टिकतं, कारण पाणी पूर्ण आटेपर्यंत ते कढवतात. त्यातल्या कल्काची (वाटून घातलेल्या वनस्पतीच्या गोळ्याची) वात पेटवल्यावर तडतडली नाही, की पाणी गेलं असं समजतात. एवढ्या आचेवर लव्हेंडरचा गंध मात्र उडून जाईल. म्हणून इथे वनस्पती कडकडीत वाळवणं हाच मार्ग. सेंट जॉन्स वर्टची फुलं ओलीच लागतात, त्यांना एक दिवस सुकू देतात आणि बाटलीला झाकणाऐवजी फडकं बांधतात.

करायची रीत सोपी आहे. कोरड्या बरणीत वाळलेली पानं अर्ध्यापर्यंत भरा आणि पानांच्या वर बोटभर येईल इतकं तेल ओता. अमावस्येनंतर वाढत्या चंद्राच्या दिवसांत सुरुवात करून पुढची पौर्णिमाही जाऊ दिली, की चार ते सहा आठवडे सहज भरतात. रोज बरणी हलवताना संकल्प म्हणतात. विकत आणलेल्या बाटलीत हा महिनाभराचा सहवास मिळत नाही, आणि साधनेसाठी मला तोच सगळ्यात मोलाचा वाटतो. मग मलमलीतून गाळून गडद बाटलीत भरा आणि वनस्पती, तेल, तारीख लिहून ठेवा. खवट वास आला की टाकून द्या.

वास हवाच असेल तर गाळलेल्या तेलात इसेन्शियल ऑइल घाला, पण १ ते २ टक्केच. ३० मिलीला ६ ते १२ थेंब. दालचिनी आणि लवंग या हिशेबातून वगळा. पेनिरॉयलचं (पुदिन्याच्या जातीतल्या एका वनस्पतीचं) इसेन्शियल ऑइल तर घरात आणूच नका, ते यकृताला घातक आहे आणि थोडंसं पोटात जाऊन माणसं दगावलेली आहेत. लव्हेंडर किंवा रोझमेरीवर भागवा. मेणबत्तीला तेल लावताना ते पातळ पसरवा आणि जास्तीचं पुसून घ्या. चुरलेली वाळकी पानं वातीपासून लांब ठेवा, ती लगेच पेट घेतात.