नाताळगीतांची जॅझ पियानोवरील मांडणी

परिचित नाताळगीताची चाल तशीच ठेवून तिच्याखालचे कॉर्ड (एकत्र वाजणारे स्वर) आणि बास (सर्वांत खालचा स्वर) बदलणे, याला जॅझमध्ये रीहार्मनायझेशन म्हणतात. त्याला सुरुवात, सोलोची (एकट्याच्या उत्स्फूर्त वादनाची) जागा, लय आणि शेवट यांची जोड मिळाली की अरेंजमेंट, म्हणजे गाण्याची पूर्ण मांडणी, तयार होते. नाताळगीते या कामाला सोयीची आहेत. मूळचे कॉर्ड बहुधा तीन-चारच असतात आणि चाल ऐकणाऱ्याला पाठ असते, त्यामुळे कॉर्ड दूर भटकले तरी गाणे ओळखू येते. अडचणही याच ओळखीची आहे. चालीतला एखादा स्वर हलवला, की तो सुधारलेला न वाटता चुकलेला वाटतो.

जुनी भजनवजा गीते आणि १९३०-४० च्या दशकांतली अमेरिकन लोकप्रिय गाणी यांत मात्र फरक करावा लागतो. ‘सांता क्लॉज इज कमिंग टू टाउन’ (१९३४) सारख्या गाण्याची बांधणी जॅझला आधीच जवळची आहे. जॅझ पियानोवादक बिल इव्हान्सने १९६३ मध्ये गॅरी पीकॉक आणि पॉल मोशन यांच्यासह ते त्रिकुटात ध्वनिमुद्रित केले. खरे काम पडते ते ‘सायलेंट नाइट’ (१८१८) किंवा ‘जिंगल बेल्स’ (१८५७) यांवर.

कॉर्ड निवडताना एकच प्रश्न विचारायचा: चालीतला हा स्वर नव्या कॉर्डचा (त्याचा मूळ स्वर पहिला धरून) कितवा स्वर होतो? तिसरा, पाचवा, सातवा किंवा नववा झाला तर बहुतेक वेळा जमते. पेटीवर वाढलेल्या वादकाला इथे थोडी सवय मोडावी लागते. षड्ज जागेवरच असतो, पण ‘ग’ कधी तिसरा, कधी सातवा, तर कधी नववा म्हणून ऐकू येतो. ‘जिंगल बेल्स’च्या धृपदात हे सहज करून पाहता येते. सी मेजरमध्ये, म्हणजे ‘सी’ला षड्ज मानून, तिथे ‘ई’ हा एकच स्वर पुन्हा पुन्हा येतो. त्याच्याखाली सी मेजर ७, ए ७, एफ शार्प हाफ डिमिनिश्ड, एफ मेजर ७ यांपैकी काहीही बसते. बी फ्लॅट ७ सुद्धा चालतो, कारण ‘ई’ तिथे चढा अकरावा होतो. चालीत एकच स्वर घोळत असतो तिथे खाली बदलाला सर्वांत जास्त वाव असतो.

‘सायलेंट नाइट’ ३/४ मध्ये, म्हणजे दर बारला (आवर्तनाला) तीन ठोके धरून, लिहिले तर २४ बारचे होते. सी मेजरमध्ये पहिले चार बार सी, पुढचे दोन जी, मग दोन सी, इतकेच मूळ कॉर्ड. त्याऐवजी बारगणिक सी मेजर ७, ए मायनर ७, ई मायनर ७, ए ७, डी मायनर ७, जी ७, सी ६ असे जावे, आणि आठव्या बारमध्ये जी मायनर ७ व सी ७ वाजवून नवव्या बारच्या एफकडे वळावे. सातव्या बारमध्ये मेजर ७ टाळून सी ६ घेण्याला कारण आहे. चालीत वर ‘सी’ आहे आणि मेजर सातवा ‘बी’ त्याच्या अगदी खाली घासतो. चाल मूळ स्वरावर टेकली की सहावा घ्यायचा, ही सवय लावून घेतलेली बरी.

दहाव्या बारमध्ये नवशिका हमखास अडकतो. एफ मेजर ७ नंतर एफ मायनर किंवा बी फ्लॅट ७ घेण्याचा मोह होतो, कारण इतर बॅलडमध्ये (संथ गाण्यांत) ते सुंदर लागते. पण इथे चाल ‘सी-बी-ए’ अशी उतरते आणि या दोन्ही कॉर्डमध्ये ‘ए फ्लॅट’ आहे. शेवटच्या ठोक्यावरचा ‘ए’ त्याच्यावर आदळतो. त्याऐवजी एफ शार्प डिमिनिश्ड घ्यावा. ‘सी’ आणि ‘ए’ दोन्ही त्यात आहेत, ‘बी’ ओझरता जातो, आणि बास एफ, एफ शार्प, जी असा चढून अकराव्या बारमध्ये ‘जी’ बास असलेल्या सी कॉर्डवर पोचतो.

अठराव्या बारमध्ये उलट परिस्थिती आहे. चाल ‘एफ-डी-बी’ अशी उतरते. ‘एफ’ आणि ‘बी’ हे जी ७ चे सातवा व तिसरा, आणि डी फ्लॅट ७ चे तिसरा व सातवा. म्हणून जी ७ च्या जागी डी फ्लॅट ७, म्हणजेच ट्रायटोन सब्स्टिट्यूशन (तीन पूर्ण स्वर दूरच्या कॉर्डशी अदलाबदल), इथे जणू आयते मिळते. मधला ‘डी’ डी फ्लॅटच्या बासशी खटकतो, पण तो अर्ध्या ठोक्याचा लहान स्वर आहे. बास त्याच क्षणी पुन्हा न दाबला म्हणजे झाले. हीच युक्ती सोळाव्या बारला मात्र लावू नये. तिथे लांब ‘ई’ आहे आणि ए ७ च्या जागी आलेल्या ई फ्लॅट ७ वर तो बारभर कर्कश राहतो.

शेवटच्या दोन बारमध्ये चाल ‘सी’वर थांबते. दहाव्या बारमध्ये टाळलेला एफ मायनर ६ इथे खुशाल घ्यावा. किंवा ए फ्लॅट मेजर ७, डी फ्लॅट मेजर ७ आणि मग सी ६/९. ‘सी’ आधी तिसरा, मग सातवा होतो आणि शेवटी घरी येतो.

हातांच्या वाटणीत चाल उजव्या करंगळीत आणि बाकीच्या बोटांपेक्षा ठळक हवी, खाली दोन-तीनच स्वर. डाव्या हातात मूळ स्वर व सातवा किंवा मूळ स्वर व दहावा पुरतो. मध्य ‘सी’च्या एक सप्तक खाली असलेल्या ‘सी’पेक्षाही खाली जवळचे तिसरे-चौथे स्वर एकत्र दाबले की आवाज गढूळ होतो. चांगल्या कॉर्डची वाट बहुतेक इथेच लागते, आणि दोष मात्र कॉर्डला दिला जातो.

लयीप्रमाणे कॉर्डची संख्या ठरते. मिनिटाला ६०-७० ठोक्यांच्या संथ लयीत प्रत्येक बारला एक-दोन कॉर्ड पेलतात. १४० च्या आसपास जॅझ वॉल्ट्झ असेल तर एकच पुरे, नाहीतर बासवादक धापा टाकतो. पहिल्या फेरीत मूळ कॉर्डच्या जवळ राहून दुसऱ्या फेरीपासून बदल वाढवणे श्रोत्याच्या सोयीचे. जॅझ पियानोवादक विन्स ग्वाराल्डीच्या १९६५ च्या ‘ओ टॅननबाउम’मध्ये आधी एकट्या पियानोवर मुक्त लयीत चाल येते, मग बास आणि ड्रम मिसळून स्विंग सुरू होतो. शेवटच्या फेरीला अर्धा स्वर वर चढणे अजून चालते, पण आता त्याने कुणी दचकत नाही.

सोबत लोक गाणार असतील तर हिशेब बदलतो. ‘सायलेंट नाइट’चा पल्ला अकरा स्वरांचा आहे आणि सी मेजरमध्ये चाल वरच्या ‘एफ’पर्यंत जाते. म्हणून सामूहिक गायनासाठी बी फ्लॅट पट्टी बरी पडते. गाणारे बासवरून सूर धरतात, म्हणून ओळींच्या सुरुवाती आणि शेवट मूळ कॉर्डवरच ठेवावेत. डी फ्लॅट ७ चा प्रयोग गाणारे थांबल्यावर, सोलोमध्ये करावा.