चादरीचे बिल आणि रुबीचे व्याकरण : पार्श्वभूमी

सी ही प्रोग्रॅमिंग भाषा शिकून रुबी या दुसऱ्या भाषेकडे वळणाऱ्या सोलापूरच्या विद्यार्थ्याला पहिल्या चार ओळी ओळखीच्या वाटतात. फसगत पुढे होते, आणि तिची कारणे रुबीच्या जन्मातच आहेत.

युकिहिरो मात्सुमोतो यांनी १९९३ मध्ये जपानमध्ये रुबीचे काम सुरू केले. पहिली जाहीर आवृत्ती, ०.९५, डिसेंबर १९९५ मध्ये आली. त्यांना पर्ल या भाषेचा झटपटपणा हवा होता, पण ऑब्जेक्टची (माहिती आणि तिच्यावरच्या क्रिया एकत्र बांधण्याची) शिस्त स्मॉलटॉक या भाषेसारखी मुळापासून. त्यामुळे आज्ञा ठिकठिकाणाहून आल्या: पुट्स (छापणे) आणि गेट्स (टाइप केलेले वाचणे) ही नावे सीच्या लायब्ररीतली, चॉम्प (शेवटचा एंटर काढणे), अनलेस (अट खोटी असेल तर) आणि एल्सिफ (नाहीतर जर) पर्लमधली. एल्सिफमध्ये दुसरा 'ई' नाही. तो घातला की प्रोग्रॅम अडतो.

चादरीच्या दुकानाचे बिल करून पाहा. गेट्सने भाव विचारला, ४५० टाइप केले आणि ३ ने गुणले. अपेक्षा १३५०ची, पडद्यावर मात्र ४५० तीनदा, एकाखाली एक. गेट्स नेहमी मजकूरच देते, शेवटच्या एंटरसकट, आणि रुबीत मजकुराला संख्येने गुणले की तो तितक्यांदा एकापुढे एक जोडला जातो. पर्ल अशा वेळी मजकुराची संख्या स्वतःच करून घेते. मात्सुमोतोंनी ती मोकळीक ठेवली नाही. चॉम्प लावले तर फक्त एंटर जातो आणि ४५०४५०४५० मिळते. मजकुराचा पूर्णांक करणारे टू_आय लावले की १३५०.

पण टू_आय भोळे आहे. 'साडेचारशे' लिहिले तरी चूक न दाखवता शून्य देते. मराठी कीबोर्ड चालू राहून देवनागरी अंक पडले तरीही शून्यच, कारण ते फक्त इंग्रजी अंक ओळखते. बिलासाठी इंटिजर ही मेथड (तयार आज्ञा) बरी, ती निदान चूक सांगून थांबते. तिच्यातही सीचा एक वारसा आहे: आधी शून्य असलेले ०१० ती अष्टमान पद्धतीने वाचून ८ देते. तिला दुसरे आर्ग्युमेंट (कंसात द्यायची माहिती) म्हणून १० दिले की प्रश्न मिटतो.

सीवाल्यांचा दुसरा अडथळा शून्याचाच. सीत ० खोटे धरतात; रुबीत मात्र फक्त निल (काहीच नाही) आणि फॉल्स खोटे, ० खरे. 'इफ शिल्लक' (शिल्लक असेल तर) लिहिले की माल संपला तरी विक्री चालू. तिथे शिल्लक शून्याहून मोठी आहे का, हेच तपासावे लागते.

ब्लॉक (आज्ञांचा गट) बंद करणारे एंड हे आयफेल आणि एडा या भाषांच्या वळणाचे. एक एंड राहिला तर रुबी बहुधा फाइलच्या शेवटच्या ओळीवर तक्रार करते, कारण ती तिथपर्यंत त्याची वाट पाहत असते. चूक तिथे नसते. रुबी या आज्ञेपुढे उणेचिन्हासह डब्ल्यू आणि सी ही अक्षरे देऊन फाइल तपासली तर समास (ओळीआधीची मोकळी जागा) न जुळणारा एंड सापडतो, अर्थात समास नीट पाळले असतील तर. ३.२ या आवृत्तीपासून हरवलेल्या एंडचा अंदाज रुबी स्वतःही देते.

मराठीपुरता मोठा बदल रुबीच्या १.९ आवृत्तीत झाला. त्याआधी 'सोलापूर' या शब्दाची लेंग्थ (लांबी) २१ यायची, कारण बाइट (साठवणीची एकके) मोजले जात. आता ७ येते, मात्रा धरून. आपल्याला दिसणारी चार अक्षरे हवी असतील तर ग्राफीम_क्लस्टर्स वापरून मोजावे. ही मेथड २.५ मध्ये आली. २.० पासून फाइलचे एन्कोडिंग (अक्षरे साठवण्याची पद्धत) यूटीएफ-८ गृहीत धरले जाते, म्हणून वर ते सांगणारी जादूची ओळ लिहावी लागत नाही.

व्हेरिएबलला (किंमत साठवणाऱ्या नावाला) 'किंमत' असे नावही चालते. क्लासला (ऑब्जेक्टच्या साच्याला) मात्र 'चादर' नाव देता येत नाही: क्लासचे नाव कॅपिटल अक्षराने सुरू व्हावे लागते आणि देवनागरीत कॅपिटल नाही.