बॅटरी नसलेला पेन स्क्रीनशी बोलतो कसा?

‘टचस्क्रीनला बोटाची ऊब कळते,’ असं माझी भाची परवा अगदी ठामपणे सांगत होती. हा समज मोठ्या माणसांतही सर्रास आढळतो. कुणी तर ‘जिवंत शरीरातली प्राणऊर्जा’ असंही कारण देतं. २०१० च्या हिवाळ्यात दक्षिण कोरियातून बातम्या आल्या होत्या, की लोक हातमोजे न काढता सॉसेजने फोन चालवताहेत. थंडगार सॉसेजमध्ये ना ऊब, ना प्राण. त्यात असतं खारट पाणी, आणि ते वीजवाहक असतं. आपल्या बोटाचंही तेच.

काचेखाली पारदर्शक वाहक पट्ट्यांची उभी-आडवी जाळी असते. जिथे दोन पट्ट्या एकमेकींवरून जातात, तिथे एक इवलासा कपॅसिटर, म्हणजे वीजभार साठवणारा घटक, तयार होतो. पंख्यात असतो तोच, फक्त अतिसूक्ष्म. बोट जवळ आलं की तिथलं थोडं विद्युतक्षेत्र बोटाकडे वळतं आणि चिपला तो बदल कळतो. प्लॅस्टिकचा पेन वाहक नाही, म्हणून स्क्रीन ढिम्म राहते. वाहक रबराच्या टोकाचा स्वस्त स्टायलस नुसता बोटाची नक्कल करतो. त्याचं टोक जाड ठेवावं लागतं, कारण फार छोटा बदल चिप गोंगाट समजून सोडून देते.

पण मला खरी भुरळ घातली ती वॅकॉम या जपानी कंपनीच्या पद्धतीने. सॅमसंगच्या एस पेनमध्ये तीच आहे. या पेनाला लिहिण्यासाठी बॅटरी लागतच नाही! सतार आठवा. वरची तार छेडली की खालच्या तरफेच्या तारांपैकी त्याच सुरात लावलेली तार आपोआप झंकारते. यालाच अनुनाद म्हणतात. पेनात तारेचं एक वेटोळं आणि एक कपॅसिटर असतो, दोघांची जोडी एका ठरावीक सुरात लावलेली. स्क्रीनच्या मागे वेटोळ्यांची दुसरी जाळी असते. ती सेकंदाला सुमारे ५ लाख आवर्तनांचं चुंबकीय क्षेत्र क्षणभर सोडते आणि गप्प बसून ऐकते. तेवढ्यात पेनातली जोडी झंकारू लागलेली असते. जाळी गप्प झाली तरी तो झंकार थोडा वेळ टिकतो आणि जाळीला ऐकू येतो. कोणत्या वेटोळ्यात तो किती जोरात आला, शेजारच्यांत किती, यांची तुलना केली की वेटोळ्यांमधल्या अंतरापेक्षा कितीतरी बारीक अचूकतेने टोकाची जागा सापडते.

आता दाब. काही पेनांत टोक दाबलं की आतल्या कपॅसिटरची धारकता, म्हणजे वीजभार साठवण्याची क्षमता, किंचित वाढते. जोडीची कंप्रता (सेकंदाला होणारी आवर्तनं) वेटोळं आणि कपॅसिटर यांच्या मूल्यांच्या गुणाकाराच्या वर्गमुळाशी व्यस्त प्रमाणात असते, म्हणून सूर जरासा उतरतो. परतलेल्या लहरीची कला, म्हणजे आवर्तनातली तिची त्या क्षणाची अवस्था, पाठवलेल्या लहरीपेक्षा किती सरकली, यावरून सर्किट ही उतरण ओळखतं आणि रेघ जाड करतं.

जाहिरातीतल्या ‘४०९६ दाबपातळ्यां’वर भाळून पेन घेऊ नका. वेलांटी काढताना रेघ टोकामागे किती रेंगाळते आणि हलक्या हाताने ओढलेली शिरोरेघ उमटते का, हे दुकानात लिहून बघा. ॲपलच्या पेन्सिलीचा मार्ग वेगळा आहे. तिच्यात बॅटरी असते आणि तिचं टोक स्वतः संकेत पाठवतं.

भाचीला मी एस पेन दिला आणि काचेला न टेकवता जरा वर धरायला सांगितला. स्क्रीनवरचा ठिपका त्याच्यामागे फिरू लागला.