खोलीमुळे मार्क, की मार्कांमुळे खोली?

दरवर्षी प्रवेशांच्या दिवसांत आमच्याकडे एक फोन ठरलेला असतो. यंदा तो लातूरच्या आत्याचा होता. नातवाला पुण्यात बी.एस्सी.ला प्रवेश मिळाला, पण हॉस्टेलच्या यादीत नाव नाही. "हॉस्टेलची पोरं बघ कसे मार्क पाडतात. हा आता कॉट बेसिसवर, म्हणजे संपलंच." (कॉट बेसिस म्हणजे चारचौघांच्या खोलीतली एक कॉट भाड्यानं घेणं.)

आत्या बघते ते खरंच असेल. पण खोलीमुळे मार्क वाढणं वेगळं आणि मार्कांमुळे खोली मिळणं वेगळं. बाहेरून दोन्हींचं चित्र एकच दिसतं, हॉस्टेलात मार्क जास्त आणि बाहेर कमी, म्हणून गल्लत होते.

आधी दुसरी गोष्ट घेऊ, कारण ती कुणाच्या लक्षातच येत नाही. समाजकल्याणच्या वसतिगृहात प्रत्येक प्रवर्गातल्या जागा गुणवत्तेनुसार भरतात. कॉलेजांच्या हॉस्टेलांतही बहुतेक ठिकाणी मेरिट लिस्टच लागते. म्हणजे गादी घालायच्या आधीच तिथं जास्त मार्कांची पोरं गोळा झालेली असतात. शिवाय मधेच नापास झालं की खोली सोडावी लागते. तिसऱ्या वर्षी हॉस्टेलात दिसतात ती दोनदा गाळून उरलेली मुलं. हॉस्टेल न मिळालेल्या अनुसूचित जातीच्या विद्यार्थ्यांसाठी स्वाधार योजना आहे. मुंबई-पुण्यात तिची मदत वर्षाला 60,000 रुपये, जेवण, राहणं, किरकोळ खर्च सगळं धरून. तिलाही किमान मार्कांची अट आहेच. एकूण काय, आधी मार्क, मग छप्पर.

आता पहिली गोष्ट. खोलीचा परिणाम नसतोच असं नाही. मी स्वतः सदाशिव पेठेत कॉट बेसिसवर राहिलो. दहा बाय बाराची खोली, चार कॉट, टेबल एकच. मालक रात्री अकराला मेन स्विच बंद करायचे. मग आम्ही पुस्तकं उचलून जिन्यातल्या दिव्याखाली बसायचो. पलीकडच्या कॉटवरचा एमपीएससीवाला पहाटे पाचचा गजर लावायचा आणि स्वतः झोपून राहायचा. उठायचो आम्ही तिघं. महिन्याला खोलीच्या भाड्यावर अभ्यासिकेची फी वेगळी. घरून ये-जा करणाऱ्यांचं दुखणं निराळं. कर्जतहून सीएसएमटीला लोकलनं जायलाच दोनेक तास, तेवढेच परत यायला. त्या पोराला आईच्या हातचं जेवण मिळतं, पण चार तास गाडीत जातात, आणि उभ्यानं प्रवास असेल तर वहीही उघडता येत नाही.

मग यातला खोलीचा वाटा किती आणि पोराचा किती? नुसत्या सरासऱ्या शेजारी ठेवून ते कळत नाही. खोली चिठ्ठी टाकल्यासारखी मिळायला हवी, म्हणजे हुशार-मठ्ठ हा भेद आधीच गळून पडतो. अमेरिकेत डार्टमाउथ कॉलेजात पहिल्या वर्षाच्या मुलांना रूममेट जवळपास तसेच मिळायचे. ब्रूस सॅसरडोट या अर्थतज्ज्ञानं 2001मध्ये त्याचा अभ्यास मांडला. रूममेटचा मार्कांवर परिणाम दिसला, पण छोटा. विषय कोणता निवडायचा यावर दिसला नाही. कुठल्या टोळक्यात जायचं यावर मात्र चांगलाच दिसला (हे आपल्याकडच्या कुठल्याही आजीनं न शिकता सांगितलं असतं). केंटकीतल्या बेरिया कॉलेजातला दुसरा अभ्यास मला जास्त पटतो. रूममेटनं व्हिडिओ गेमचं यंत्र आणलं, की शेजारच्याचा अभ्यासाचा वेळ घटला आणि मार्कही घसरले. खोली तीच, भिंती त्याच; फरक पडला तो टेबलावरच्या एका डब्यानं.

हे निष्कर्ष अमेरिकेतले, चार कॉटच्या खोलीला ते जसेच्या तसे लावता येणार नाहीत. पण खोली काम करते ती वेळ, झोप आणि सोबत यांच्यातून, एवढं त्यातून दिसतं. या तिन्ही गोष्टी हॉस्टेलातही बिघडू शकतात. परीक्षेच्या आदल्या रात्री कॉरिडॉरमध्ये वाढदिवस साजरा होताना ज्यानं पाहिलाय, त्याला वेगळं सांगायला नको.

आत्याला एवढं सगळं फोनवर सांगितलं नाही. खोली बघायला जाशील तेव्हा भाडं शेवटी विचार, म्हटलं. आधी विचार, लाइट किती वाजता जाते, कॉट किती, टेबल किती, आणि बाकीचे तिघं काय करतात. तिनं पाठकोऱ्या कागदावर लिहून घेतलं. मग म्हणाली, "आणि डबा कुणाचा, ते नको का विचारायला?"