एनएबीएलचा अर्ज करताय? आधी मशीनचा सिग्मा काढा

एनएबीएलची, म्हणजे लॅबना मानांकन देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाची, तयारी करणाऱ्या लॅबवाल्यांचा जीव कागदांत अडकलेला असतो. तपासणीला आलेला असेसर मात्र चहा झाला की मशीनपाशी जातो आणि विचारतो, ‘सोडियमचा सीव्ही किती?’ सीव्ही म्हणजे तोच नमुना पुन्हापुन्हा तपासला तर निकाल किती टक्के इकडेतिकडे होतो ते. कंपनीच्या ब्रोशरमधला आकडा तिथे चालत नाही.

हे मानांकन ऐच्छिक आहे, लहान लॅबही घेऊ शकते. लॅब कायदेशीर नोंदलेली हवी, काम आयएसओ १५१८९:२०२२ या मेडिकल लॅबसाठीच्या आंतरराष्ट्रीय मानकाप्रमाणे चालू हवं आणि अर्जाआधी निदान एकदा अंतर्गत ऑडिट व व्यवस्थापन आढावा झालेला हवा. अर्ज एनएबीएलच्या पोर्टलवर ऑनलाइन भरायचा. लॅबचा नोंदणी दाखला, चाचण्यांचा स्कोप (कोणत्या चाचण्यांना मानांकन हवं ती यादी), रिपोर्टवर सही करणाऱ्या डॉक्टरांच्या पदव्या आणि कौन्सिल नोंदणी, कॅलिब्रेशनचे दाखले तयार ठेवा. महाराष्ट्रात जैववैद्यकीय कचऱ्यासाठी प्रदूषण नियंत्रण मंडळाची परवानगीही लागते. हे सगळं धावपळ करून जमतं.

जमत नाही ते मशीनचे आकडे, कारण ते साठायला महिने जातात. सीव्ही रोजच्या दोन लेव्हलच्या कंट्रोलमधून (मशीन तपासायला चालवायच्या ठरावीक नमुन्यांतून) येतो. बायस, म्हणजे निकाल खऱ्या आकड्यापासून किती सरकलाय ते, बाहेरच्या तुलनेतून, म्हणजे ईक्यूएएसमधून (एकच नमुना अनेक लॅब तपासतात ती योजना). बायोकेमिस्ट्रीला बरेच जण वेल्लोरच्या सीएमसीकडे नाव नोंदवतात. मग परवानगी असलेल्या एकूण चुकीतून बायस वजा करा आणि सीव्हीने भागा, की सिग्मा आला: चाचणी किती भरवशाची याचा आकडा, जितका मोठा तितका चांगला.

समजा, ग्लुकोज. अमेरिकेच्या क्लिया या लॅबसाठीच्या नियमांत २०२५पासून ८ टक्के मुभा आहे (कमी साखरेला ६ मिलिग्रॅम). बायस १.५, सीव्ही १.३ असेल तर सिग्मा ५. छान. त्याच मशीनवर सोडियमला मुभा ४ मिलिमोलची. बायस १ आणि एसडी (सीव्हीसारखाच चढउतार, पण टक्क्यांऐवजी मिलिमोलमध्ये) १.५ निघाला तर सिग्मा जेमतेम २. म्हणून दोन्हींना एकच नियम लावू नका: ग्लुकोजला थोडे वेस्टगार्ड नियम (कंट्रोलचा निकाल कधी नाकारायचा ते सांगणारे) पुरतात, सोडियमला सगळे लावा, कंट्रोलही जास्त वेळा चालवा.

आमच्या एका ऑडिटमध्ये क्रिएटिनिनच्या एलजे चार्टवर, म्हणजे कंट्रोलच्या रोजच्या निकालांच्या आलेखावर, ओळीने दहा ठिपके सरासरीच्या वर होते. सगळे दोन एसडीच्या आत, म्हणून कोणी पाहिलंच नव्हतं. रिएजंटचा (चाचणीच्या रसायनाचा) लॉट बदलला होता आणि निकाल एका बाजूला सरकले होते. असेसरने त्यांवरून पेन्सिल फिरवली आणि कारवाईची नोंद मागितली. नव्हती. ती एनसी (असेसरने नोंदवलेली त्रुटी) बंद करायला मूळ कारण, नव्या लॉटची पडताळणी आणि नंतरचा चार्ट असं सगळं पाठवावं लागलं.