युरिया वाढला की क्रिएटिनिन?

रक्ताच्या रिपोर्टात ‘किडनी फंक्शन’ या मथळ्याखाली युरिया आणि क्रिएटिनिन अशी लागोपाठ दिसतात की बहुतेक जण त्यांना एकाच गोष्टीची दोन नावं समजतात. दोन्ही रक्तातून किडनीवाटे बाहेर पडतात हे खरं, पण येतात वेगळ्या ठिकाणांहून आणि किडनीत वागतातही वेगळी.

युरिया येतो प्रथिनांतून. ती मोडताना अमोनिया तयार होतो आणि तो मेंदूला घातक असतो. यकृत त्याचा निरुपद्रवी युरिया करून रक्तात सोडतं. (युरिया किडनीच बनवते असं खूप जणांना वाटतं, तिचं काम त्याला बाहेर काढण्याचं.) क्रिएटिनिन येतं स्नायूंतून. तिथल्या क्रिएटिन नावाच्या पदार्थाचा दिवसाला साधारण 1 ते 2 टक्के भाग आपसूक क्रिएटिनिन होतो, त्यामुळे त्याची आवक रोज जवळपास सारखीच.

खरी गंमत पुढे आहे. दोन्ही किडन्यांत मिळून 20 लाखांच्या आसपास नेफ्रॉन, म्हणजे सूक्ष्म गाळण्या आणि त्यांना जोडलेल्या नलिका. त्यांतून दिवसाला सुमारे 180 लिटर पाणी गाळलं जातं आणि लघवी होते जेमतेम दीड लिटर! बाकीचं सगळं नलिका परत रक्तात ओढून घेतात. या परतीच्या पाण्याबरोबर गाळलेला जवळपास निम्मा युरियाही मागे फिरतो. क्रिएटिनिन फिरत नाही, उलट नलिका आणखी थोडं लघवीत ढकलतात.

म्हणून दोन दिवस जुलाब-उलट्या झालेल्या माणसाचा युरिया चढलेला असतो आणि क्रिएटिनिन मात्र फारसं हललेलं नसतं. अंगात पाणी कमी, म्हणून किडनी थेंबन् थेंब वाचवते आणि पाण्यासोबत युरियाही परत येतो. पोटात अल्सरमधून रक्तस्राव झाला तरी तो वाढतो, कारण आतड्यात ते रक्त प्रथिनासारखंच पचतं. किडनी दोन्ही वेळा धडधाकट असू शकते. तसा युरिया नुसता कचराही नाही म्हणा. किडनीच्या आतल्या भागात तो साठून राहतो, म्हणून तर लघवी घट्ट करता येते.

मग क्रिएटिनिनवर डोळे मिटून विश्वास ठेवावा का? माझं मत विचाराल तर नाही. गाळण्याचा वेग निम्मा झाला की क्रिएटिनिन साधारण दुप्पट होतं. एखाद्या कृश आजींचं पूर्वी 0.6 होतं आणि आता 1.2 आलं, तर लॅबच्या छापील मर्यादेत ते बसूनही जाईल. पण किडनीचं अर्धं काम गेलेलं असेल. उलट कसलेल्या पहिलवानाचं 1.3 आलं तरी त्यात काही वावगं नसेल, कारण त्याच्याकडे स्नायूच जास्त. रिपोर्टात ‘ईजीएफआर’, म्हणजे गाळण्याच्या वेगाचा अंदाज, हा आकडा असतो तो यासाठीच. क्रिएटिनिनसोबत वय आणि लिंग धरून तो काढतात. स्नायूंचं वजन मात्र त्यालाही कळत नाही, म्हणून जुना रिपोर्ट शेजारी ठेवून वाचणं केव्हाही बरं.

जुना-नवा ताडताना आणखी एक पाहा. काही लॅब ‘ब्लड युरिया’ देतात, काही ‘बीयूएन’, म्हणजे त्या युरियातला फक्त नायट्रोजन. बीयूएन 20 म्हणजे युरिया सुमारे 43. लॅब बदलली आणि आकडा एकदम दुपटीने वाढलेला दिसला, तर आधी नाव वाचा.