वीजपुरवठादार निवड व दरतुलना

घरगुती ग्राहकाने आपल्या भागात वीज विकणाऱ्या निरनिराळ्या पुरवठादारांचे दर व करारातील अटी ताडून पाहणे, त्यांपैकी एकाची निवड करणे आणि गरजेनुसार पुढे तो बदलणे, या व्यवहारास ही संज्ञा लावतात. बिल कमी करणे हा त्यामागचा मुख्य हेतू असतो. एका क्षेत्रात वीज विकण्याचा परवाना एकाच कंपनीकडे असेल आणि दर नियामक आयोग ठरवून देत असेल, तर हा व्यवहार संभवत नाही. त्यासाठी तारांचे जाळे सांभाळणारी वितरण संस्था आणि त्याच तारांतून वीज विकणारा किरकोळ पुरवठादार यांची कामे कायद्याने वेगळी केलेली असावी लागतात. तारा, खांब व रोहित्रे यांची दुहेरी उभारणी परवडणारी नसल्यामुळे ते काम मक्तेदारीतच राहते आणि स्पर्धा फक्त खरेदी-विक्रीपुरती उरते. त्यामुळे पुरवठादार बदलला तरी वीज त्याच तारेतून येते, दाब तोच राहतो आणि बिघाड झाल्यास दुरुस्तीला येणारी माणसेही तीच असतात; बदलतो तो हिशेब.

उगम : या पद्धतीचे जनकत्व कोणाकडे द्यावे याविषयी एकमत नाही. चिलीच्या १९८२ च्या वीज कायद्याने उत्पादन, पारेषण व वितरण वेगळे केले आणि मोठ्या ग्राहकांना उत्पादकांशी थेट करार करण्याची मुभा दिली. म्हणून अनेक अभ्यासक तेथूनच आरंभ मानतात. मात्र ही मुभा सुमारे दोन मेगावॉटपेक्षा अधिक मागणी असलेल्या उद्योगांपुरती होती, घरगुती ग्राहकास तिचा स्पर्श नव्हता. नॉर्वेचा ऊर्जा कायदा १९९० चा असून तो १ जानेवारी १९९१ पासून अमलात आला. त्याने कागदोपत्री प्रत्येक ग्राहकास, घरगुतीसह, पुरवठादार निवडण्याचा हक्क दिला. परंतु बदल करण्यासाठी शुल्क भरावे लागे आणि तासागणिक नोंद ठेवणारा मीटर ग्राहकाने स्वतःच्या खर्चाने बसवावा अशी अट होती, त्यामुळे सामान्य घरांना तो हक्क बराच काळ निरुपयोगी ठरला. मीटरची अट १९९५ च्या सुमारास शिथिल झाली व शुल्क १९९७ मध्ये गेले. इंग्लंड व वेल्समध्ये १९८९ च्या वीज कायद्यानंतर टप्प्याटप्प्याने जाण्याचे धोरण होते : एप्रिल १९९० पासून एक मेगावॉटवरील ग्राहक, एप्रिल १९९४ पासून शंभर किलोवॉटवरील ग्राहक आणि सप्टेंबर १९९८ ते मे १९९९ या काळात भागाभागाने सर्व घरगुती ग्राहक मोकळे झाले. कायद्याची तारीख प्रमाण मानली तर मान चिलीकडे किंवा नॉर्वेकडे जातो. सामान्य घराला विशेष मीटरचा खर्च न करता पुरवठादार बदलता येणे ही कसोटी लावली तर १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धापूर्वीची तारीख देणे कठीण आहे, आणि प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने हीच कसोटी अधिक योग्य वाटते.

पुढील प्रसार वेगाने झाला. अमेरिकेत टेक्सस राज्याने १९९९ च्या कायद्यानुसार १ जानेवारी २००२ पासून ही मुभा दिली. महापालिकांच्या व सहकारी संस्थांच्या वीजसंस्थांना मात्र वगळले, म्हणून ऑस्टिन व सॅन अँटोनिओ येथील रहिवाशांना निवड नाही. कॅलिफोर्नियाने १९९८ मध्ये दिलेली मुभा २०००–०१ च्या वीजटंचाईनंतर स्थगित केली. ऑस्ट्रेलियात व्हिक्टोरिया व न्यू साउथ वेल्स यांनी २००२ मध्ये, यूरोपीय संघाने १ जुलै २००७ पासून बहुतेक सदस्य देशांत आणि जपानने १ एप्रिल २०१६ पासून घरगुती बाजार खुला केला.

भारतात २००३ च्या वीज कायद्याने एकाच क्षेत्रात एकाहून अधिक वितरण परवानाधारकांची तरतूद केली आहे आणि मोठ्या ग्राहकांसाठी खुल्या प्रवेशाची, म्हणजे इतरांच्या तारांवरून हव्या त्या विक्रेत्याची वीज आणण्याची, वाट ठेवली आहे, परंतु किरकोळ विक्री तारांपासून वेगळी केलेली नाही. त्यामुळे घरगुती ग्राहकास निवड मिळाल्याचे उदाहरण मुख्यतः मुंबईचे आहे. तेथे सर्वोच्च न्यायालयाच्या २००८ च्या निकालानंतर व राज्य वीज नियामक आयोगाच्या २००९ च्या आदेशानंतर जुन्याच कंपनीच्या तारांवरून दुसऱ्या कंपनीची वीज घेता येऊ लागली. अशा ग्राहकास वहन आकार जुन्या कंपनीच्या जाळ्यासाठी द्यावा लागतो. पुढे त्यात क्रॉस-सबसिडी अधिभाराची, म्हणजे काही ग्राहकांच्या सवलतीचा भार इतरांकडून वसूल करणाऱ्या आकाराची, भर पडली व दोन कंपन्यांच्या बिलांतील अंतर त्या प्रमाणात घटले.

हिशेबाचा प्रश्न व प्रमाणित भारवक्र : घाऊक बाजारात विजेचा भाव दर तासाला किंवा अर्ध्या तासाला बदलतो, तर घरातील जुना मीटर दोन वाचनांमधील एकूण युनिटेच सांगतो. शंभर घरे एका पुरवठादाराची व शंभर दुसऱ्याची असतील, तर संध्याकाळच्या महाग अर्ध्या तासात कोणाच्या ग्राहकांनी किती वीज घेतली हे त्यावरून कळत नाही, आणि ते कळल्याशिवाय कोणत्या पुरवठादाराने घाऊक बाजारास किती पैसे द्यावेत हे ठरत नाही. यावर काढलेला तोडगा म्हणजे प्रमाणित भारवक्र. नमुन्यादाखल निवडलेल्या काही घरांत सूक्ष्म नोंदीचे मीटर बसवून ऋतू, वार व वेळ यांनुसार वापराचा सरासरी आकार काढतात आणि इतर प्रत्येक घराची वार्षिक युनिटे त्या आकारात बसवतात. ब्रिटनमध्ये असे आठ वर्ग होते. त्यांपैकी पहिला साध्या एकदर घरगुती मीटरचा आणि दुसरा रात्रीच्या स्वस्त दराच्या घरगुती मीटरचा. ही युक्ती नसती तर घरोघरी नवे मीटर बसेपर्यंत निवडीचा हक्क कागदावरच राहिला असता. तिची किंमतही होती. एखाद्या घराने धुलाई व पाणी तापवणे मध्यरात्रीवर ढकलले तरी हिशेबात ते सरासरी घरासारखेच धरले जाई. त्या काटकसरीचा लाभ ना पुरवठादारास मिळे, ना त्याच्याकडून ग्राहकास. पहिल्या दोन दशकांतील घरगुती दर एकमेकांसारखे दिसतात, याच्या कारणांत स्पर्धेच्या उणिवेबरोबर हिशेबाची ही रीतही मोजावी लागते.

बिलाची घडण व तुलनेची रीत : बहुतेक दरांना स्थिर आकार व प्रतियुनिट आकार असे दोन भाग असतात. सज्ज राहण्याचा खर्च आणि प्रत्यक्ष पुरवठ्याचा खर्च वेगळे मोजावेत हा विचार सामान्यतः ब्रिटिश विद्युत अभियंते जॉन हॉपकिन्सन यांच्या १८९२ च्या मांडणीपर्यंत मागे नेला जातो. तुलना करताना केवळ प्रतियुनिट दर पाहिल्यास फसगत होते. समजा, एका दरात महिन्याचा स्थिर आकार २०० व युनिटचा दर ६ आहे, दुसऱ्यात स्थिर आकार ५० व युनिटचा दर ७ आहे. तर महिना १५० युनिटांवर दोन्ही बिले सारखी येतात, त्याखाली दुसरा स्वस्त व त्यावर पहिला. म्हणून स्वतःच्या मागील बारा महिन्यांच्या युनिटांवर प्रत्येक दराची वार्षिक रक्कम काढणे हीच विश्वसनीय रीत होय. एखाद्या महिन्याचे बिल आधारास घेतल्यास हिवाळा किंवा उन्हाळा सर्व गणित बिघडवतो. त्या रकमेत नव्या ग्राहकास मिळणारी एकवेळची सूट, मुदतीपूर्वी करार सोडल्यास पडणारा दंड आणि मुदत संपल्यावर आपोआप लागू होणारा दर हे तिन्ही धरावे लागतात. त्यांतील शेवटची बाब सर्वाधिक दुर्लक्षिली जाते. शिवाय वहन आकार, कर व सार्वजनिक योजनांचे अधिभार सर्व पुरवठादारांच्या बिलांत जवळपास सारखेच असल्यामुळे स्पर्धेला वाव असलेला भाग संपूर्ण बिलापेक्षा पुष्कळच लहान असतो. जाहिरातीतील टक्केवारी कोणत्या रकमेवर काढली आहे, हे त्यामुळे पाहणे आवश्यक ठरते.

दर मांडण्याची सक्ती केल्याने संदिग्धता संपतेच असे नाही. टेक्ससमध्ये प्रत्येक योजनेच्या माहितीपत्रकात महिना ५००, १००० व २००० युनिटांवरील सरासरी दर छापणे बंधनकारक आहे. त्याचा परिणाम असा झाला की, काही योजनांत १००० युनिटे गाठताच मोठी सूट देण्यात येऊ लागली. मधल्या रकान्यातील आकडा त्यामुळे आकर्षक दिसतो, पण ज्या घराचा वापर त्या आकड्याच्या किंचित खाली राहतो त्याला ती सूट मुळीच मिळत नाही.

दरतुलना संकेतस्थळे दोन प्रकारची आहेत. पहिली सार्वजनिक, म्हणजे टेक्ससमधील ‘पॉवर टू चूज’ किंवा ऑस्ट्रेलियातील ‘एनर्जी मेड ईझी’ यांसारखी नियामक संस्थांची किंवा नॉर्वेतील ग्राहक परिषदेच्या संकेतस्थळासारखी. आणि दुसरी, ग्राहक वळवल्याबद्दल पुरवठादाराकडून दलाली घेणारी खासगी. दुसऱ्या प्रकारात दलाली न देणाऱ्या पुरवठादाराचे दर मागे पडण्याची शक्यता असते. यूरोपीय संघाच्या २०१९ च्या निर्देशानुसार घरगुती व अतिलघु ग्राहकांसाठी किमान एक तुलनासाधन निःशुल्क व पुरवठादारांपासून स्वतंत्र असावे लागते.

लाभाविषयीचे मतभेद : अमेरिकन अर्थतज्ज्ञ पॉल जॉस्को यांनी २००० मध्ये असे मत मांडले की, लहान ग्राहकास किरकोळ विक्रेत्याकडून मिळणारी मूल्यवृद्धी अल्प असून घाऊक भाव थेट त्याच्यापर्यंत पोहोचवणे हा सोपा पर्याय होय. ब्रिटनचे पहिले वीज नियामक स्टीफन लिटलचाइल्ड यांनी त्यास उत्तर देताना स्पर्धेतूनच नवे प्रकारचे करार व मुदतबंद दर निर्माण होतात यावर भर दिला. प्रत्यक्ष वर्तनाचे पुरावे दोघांनाही पूर्णपणे अनुकूल नाहीत. क्रिस विल्सन व कॅथरीन वॉडम्स प्राइस यांच्या २०१० च्या अभ्यासात, केवळ किमतीसाठी पुरवठादार बदललेल्या ब्रिटिश ग्राहकांनी शक्य असलेल्या कमाल लाभाचा २८ ते ५१ टक्केच भाग पदरात पाडला आणि १७ ते ३२ टक्के ग्राहकांचे बदलामुळे नुकसानच झाले, असे आढळले. दुसरीकडे, ब्रिटनच्या स्पर्धा प्राधिकरणाने २०१६ च्या अहवालात सहा मोठ्या कंपन्यांचे सुमारे ७० टक्के घरगुती ग्राहक न निवडता लागू राहणाऱ्या महागड्या दरावरच असल्याचे नोंदवले व २०१२ ते २०१५ या काळात ग्राहकांवरील जादा भार वर्षाला सरासरी १४० कोटी पौंड ठरवला. हा आकडा लिटलचाइल्ड व अन्य माजी नियामकांनी अमान्य केला आहे आणि तो काढण्याची रीत पाहता त्यांच्या आक्षेपांत तथ्य दिसते. न बदलणाऱ्यांच्या प्रमाणाविषयी मात्र फारसा वाद नाही. एकंदरीत, बचतीचा मोठा भाग सर्वोत्तम पुरवठादार हुडकण्यातून नव्हे, तर कराराविना चालू राहिलेला दर सोडण्यातून येतो, असे म्हणता येते.

याच निरीक्षणातून दरांवर पुन्हा सरकारी मर्यादा आली. ब्रिटनने १ जानेवारी २०१९ पासून न निवडता लागू राहणाऱ्या दरांस कमाल मर्यादा लावली आणि ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०१९ पासून आधारभूत दर ठरवून दिला. २०२१–२२ मध्ये घाऊक भाव या मर्यादेच्या वर गेल्याने ब्रिटनमधील सुमारे तीस पुरवठादार बंद पडले. त्यांचे बहुतेक ग्राहक नियामकाने इतरांकडे सोपवले, त्याचा खर्च सर्वांच्या बिलांत विभागला गेला, आणि मर्यादित दराहून स्वस्त योजनाच बाजारात नसल्यामुळे काही काळ तुलनेस अर्थ उरला नाही. फेब्रुवारी २०२१ च्या टेक्सस हिमवादळात घाऊक भाव मेगावॉट-तासास ९,००० डॉलर, म्हणजे युनिटला ९ डॉलर, या कमाल पातळीवर राहिला. घाऊक भावाशी जोडलेला दर घेतलेल्या काही घरांना हजारो डॉलरची बिले आली आणि त्याच वर्षी राज्याने घरगुती ग्राहकांसाठी असे दर बंद केले. यूरोपीय संघाचा कल नेमका उलट आहे : दोन लाखांहून अधिक ग्राहक असलेल्या पुरवठादाराकडे स्मार्ट मीटरधारकास बदलत्या भावाचा करार मागण्याचा हक्क २०१९ च्या निर्देशाने दिला आहे. अशा करारांची तुलना वार्षिक युनिटांवरून होऊ शकत नाही. तीच युनिटे कोणत्या तासात वापरली गेली याची मीटरमधील नोंद त्यासाठी लागते, आणि ती नोंद पुरवठादाराखेरीज इतरांस कोणत्या अटींवर मिळावी हे प्रत्येक देशाने वेगळे ठरवले आहे.